विमानातून उतरल्यावरचा रोममधला पहिला दिवस

प्रश्न असा आहे: "आम्ही सहा जण मेच्या दुसऱ्या आठवड्यात रोमला जातोय. मी, नवरा, ११ आणि ५ वर्षांच्या दोन मुली, सासूबाई (६८) आणि सासरे (७३). मुंबईहून पहाटेचं विमान, आखातात बदलून दुपारी १:२५ ला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरतो. हॉटेल पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराजवळ, चार ताऱ्यांचं, तीन रात्री. त्याच दिवशी साडेचारला कलोसियम, मग त्रेवी कारंजं, सात वाजता जेवण आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आराम, असं ठरवतोय. इतका खर्च करून पहिला दिवस वाया जाऊ नये असं वाटतं. जमेल का?"

कलोसियम दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला घ्या आणि आराम पहिल्या दिवशी. बाकी सगळं त्यावरून ठरतं. गेली अठरा वर्षं मी कुटुंबांच्या इटलीच्या सहली आखतो, त्यातल्या बऱ्याच वेळा सोबतही असतो. पहिल्या संध्याकाळी वेळ बांधलेलं तिकीट मी आता कोणालाच काढू देत नाही.

मेमध्ये इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं (हिवाळ्यात साडेचार). तुम्ही उतरता तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबाने पाच वाजत आलेले असतात, कलोसियमच्या दारात उभे राहाल तेव्हा रात्रीचे आठ. पहाटेच्या विमानासाठी घराला कुलूप लागलं मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे वीस तास, बसल्या बसल्या काढलेल्या तुकड्या-तुकड्यांच्या झोपेवर. तुम्ही दोघं हे निभावून न्याल. सासऱ्यांचे गुडघे आणि धाकटीचा मूड निभावणार नाहीत, आणि सहा जणांचं कुटुंब नेहमी त्यातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या वेगाने चालतं.

मला हे एका आजींमुळे कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कुटुंबासाठी उतरल्या दिवशीची व्हॅटिकन संग्रहालयाची दुपारी चारची वेळ मीच घेतली होती. विमान वेळेवर आलं, पण बॅगा यायला पाऊण तास लागला आणि आम्ही विमानतळावरून थेट तिथे गेलो. तिथले दिवाणखाने एकामागून एक ठरावीक दिशेने जात राहतात, गर्दी मागून ढकलत असते, मधूनच परत फिरणं अवघड. छतावरच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिस्टिन चॅपेलला पोहोचेपर्यंत आजी भिंतीकडेच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. छत बघायचं म्हणून त्या आयुष्यभर थांबल्या होत्या आणि मान वर करायची ताकद उरली नव्हती. ती वेळ मी निवडली होती, ते मला अजून बोचतं.

तेव्हा पहिल्या दिवसाकडून तीनच गोष्टी मागा: सगळे सुखरूप खोलीवर पोहोचले, संध्याकाळी दीड-दोन तास उजेडात पायी फिरले, आणि साडेआठ-नऊपर्यंत जागे राहून झोपले.

दारापर्यंत पोहोचणं

१:२५ ही चाकं टेकायची वेळ. युरोपची नवी प्रवेशनोंद १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली. युरोपाबाहेरच्या पासपोर्टवाल्यांचा चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे पहिल्या प्रवेशाच्या वेळी घेतले जातात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो, त्यामुळे तुमच्या दोन्ही मुलींचं काम लवकर उरकेल. तरी रांग आणि बॅगा मिळून दीड तास धरा. तीनच्या आधी बाहेर आलात तर आनंद माना. सासऱ्यांसाठी चाकाच्या खुर्चीची मदत विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवा. ती मोफत असते. "मला काय झालंय, मी चालतो की" असं ते म्हणतील. ऐकू नका. फ्युमिचिनोची अंतरं लांब आहेत आणि त्यांचे पाय आपल्याला संध्याकाळसाठी राखायचे आहेत.

विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर. तिथून तेर्मिनी स्थानकाला जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोहोचवते, तिकीट १४ युरो, आणि प्रत्येक तिकीटधारी मोठ्या माणसासोबत बारा वर्षांखालचं एक मूल फुकट. म्हणजे तुमचे ५६ युरो. पण तेर्मिनीला उतरल्यावर लांबलचक फलाट, गर्दी, आणि पँथिऑनसाठी पुन्हा दोन टॅक्सी. पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा विमानतळ ते जुनं शहर हा दर बांधलेला आहे, ५५ युरो, सामानासकट. ही हद्द सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात बांधलेल्या तटबंदीची. तुमचं हॉटेल तिच्या आतच येतं. साध्या टॅक्सीत चार माणसं बसतात, त्यामुळे तुम्हाला दोन लागतील, ११० युरो. त्यापेक्षा चालकासह आठ आसनी गाडी आधी ठरवून ठेवा. भाव लेखी घ्या, विमानाचा क्रमांक द्या, आणि धाकटीसाठी मुलांची उंच बैठक (बूस्टर सीट) मागा. माझ्या मते सहा माणसं आणि सहा बॅगांना या दिवशी आगगाडी नको. दोघंच तरुण असता तर आगगाडीच सांगितली असती.

बाहेर येताना "टॅक्सी? टॅक्सी?" म्हणत जवळ येणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. टॅक्सीची रांग बाहेर असते आणि अधिकृत चालक आत येऊन गिऱ्हाईक शोधत नाही.

एक गोष्ट आठवडाभर आधी तपासा: शोपेरो, म्हणजे संप. इटलीत तो आधी जाहीर होतो आणि बऱ्याचदा शुक्रवारी असतो. संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत स्थानिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. तुम्ही दुपारी उतरता, म्हणजे नेमके त्या वेळांच्या बाहेर. आधी ठरवलेल्या गाडीचा हाही एक फायदा.

मे महिना म्हणून एक सूचना. बॅगेत आंबे भरू नका. युरोपात बाहेरून ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत (केळी, अननस, नारळ, खजूर अशी मोजकी सूट आहे), आणि दुधाचे-मांसाचे पदार्थ तर प्रवाशांच्या सामानातूनही चालत नाहीत. पेढे, बर्फी, तूप घरीच राहू द्या. चिवडा, चकली, कोरडी भाजणी खुशाल न्या.

हॉटेल

साधारण सव्वाचार-साडेचारला पोहोचाल. इटलीत खोल्या बहुधा दोन किंवा तीननंतर मिळतात, त्यामुळे दुपारी उतरण्याचा तुम्हाला फायदाच आहे, खोली तयार असेल. मुलींसकट सहाही जणांचे पासपोर्ट मागतील. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं हॉटेलवर बंधनकारक आहे, त्यात गैर काही नाही. शिवाय शहराचा मुक्काम कर वेगळा द्यावा लागतो, तो बहुतेक वेळा आधी भरलेल्या रकमेत नसतो. रोममध्ये चार ताऱ्यांच्या हॉटेलला माणशी रात्री साडेसात युरो, दहा वर्षांखाली माफ. तुमच्यातल्या पाच जणांचे तीन रात्रींचे एकशे साडेबारा युरो होतात. हे मुद्दाम सांगतो, कारण थकलेल्या अवस्थेत काउंटरवर अनपेक्षित रक्कम ऐकली की घरात पहिला वाद तिथेच होतो.

जुन्या इमारतींतल्या लिफ्ट फार लहान असतात, दोन माणसं किंवा एक माणूस आणि बॅग. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्यापासून सुरू होते की अर्धा जिना चढल्यावर, हे आजच हॉटेलला विचारून ठेवा. हॉटेलऐवजी कोणी घर घेणार असेल तर दारावरच्या घंटीवर फ्लॅटचा क्रमांक नसतो, आडनाव असतं. यजमानाकडून ते आडनाव आणि मजला आधी लिहून घ्यावा. तळमजल्याच्या वरचा तो पहिला, आपल्यासारखंच.

खोलीत गेल्यावर अंघोळी. सासू-सासऱ्यांनी पाऊण तास पाठ टेकायला हरकत नाही, पण पडदे उघडे ठेवून आणि गजर लावून. मुलींना झोपू देऊ नका. त्यांच्या शरीरात तेव्हा रात्रीचे साडेआठ झालेले असतात, एकदा डोळा लागला तर निघायला उठवताना रडारड होईल, आणि नाही उठवलं तर रात्री एकला ताज्यातवान्या होऊन बसतील.

संध्याकाळचा फेरफटका

पावणेसहाला बाहेर पडा. मेच्या मध्याला रोममध्ये सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, हे तुमच्या बाजूचं आहे. पश्चिमेला गेल्यावर शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकवायचं असतं, आणि ते काम संध्याकाळचा उजेड करतो. दिव्याखालच्या खोलीत बसून ते होत नाही. म्हणून पहिल्या संध्याकाळचं चालणं मी औषधासारखं मानतो. पश्चिमेकडचा प्रवास पूर्वेकडच्यापेक्षा शरीराला सोपा जातो, परतीच्या वेळी तुम्हाला फरक जाणवेलच.

पँथिऑन दारात आहे. तिकीट ५ युरो, अठरा वर्षांखाली फुकट, शेवटचा प्रवेश साडेसहाच्या सुमारास. आगाऊ काढू नका. दाराशी रांग लहान दिसली आणि सासूबाईंचा चेहरा ताजा असला तर आत जा. पायऱ्यांचा त्रास नाही, वीस मिनिटांचं काम. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सारखी, ४३.३ मीटर, आणि वरचं गोल भोक खरंच उघडं आहे, पाऊस आला तर आत पडतो. थोरलीला ते पाणी वाहून जायची जमिनीवरची छोटी छिद्रं शोधायला सांगा. रांग मोठी असली तर बाहेरच्या चौकातल्या कारंज्यापाशी जरा थांबा आणि पुढे चला. खोलीपासून पाच मिनिटांवर आहे, उद्या-परवा केव्हाही होईल.

तिथून पियात्सा नवोना हा चौक पायी पाच-सात मिनिटं. एकच विनंती आहे, मुलींना मधलं मोठं कारंजं नीट दाखवा. शिल्पकार बेर्निनीने १६५१ मध्ये पूर्ण केलेल्या त्या कारंज्यावर चार खंडांच्या चार नद्या आहेत: नाईल, डॅन्यूब, दक्षिण अमेरिकेतली रिओ दे ला प्लाता, आणि आपली गंगा. गंगा इथे दाढीवाला पुरुष आहे, कारण तिकडच्या परंपरेत नदीचा देव पुरुष असतो, आणि त्याच्या हातात वल्हं आहे, कारण नदीतून नावा चालतात. नाईलचा उगम तेव्हा युरोपला माहीत नव्हता म्हणून त्याचा चेहरा झाकलेला. मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्या संध्याकाळी इथे आणतो. परक्या शहरात तासाभरापूर्वी आलेल्या आजीआजोबांना पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या दगडात गंगा भेटते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण कुठे जातो कळत नाही. तिकीट नाही, बांधलेली वेळ नाही, भोवती बसायला दगडी बाक. हा चौक रोमन काळातल्या धावण्याच्या शर्यतींच्या मैदानावर उभा आहे, म्हणून तो असा लांबट. मुलींना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळू द्या, तसा विमानात साठलेला सगळा कंटाळा निघून जातो.

बाटल्या रिकाम्या घेऊन निघा. रोममध्ये सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत, वाकड्या तोटीमुळे त्यांना नाझोनी, म्हणजे मोठी नाकं म्हणतात. पाणी थंड आणि पिण्याचं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. धाकटीला हा शोध स्वतःला लागू द्या.

त्रेवीचा मोह टाळा. संध्याकाळी तिथे खांद्याला खांदा लागतो, म्हाताऱ्या माणसाला टेकायलाही जागा मिळत नाही. त्याची वेळ वेगळी आहे, खाली सांगतो.

जेवण

सातचं जेवण कागदावर ठीक वाटतं, पण बसून जेवायच्या बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर साडेसातला सुरू होतं आणि ताट समोर यायला सव्वाआठ. तुमच्या मुलींच्या घड्याळात तेव्हा पावणेबारा. प्लेटमध्ये डोकं ठेवून झोपलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांना उचलून खडबडीत दगडी रस्त्यावरून परत नेणारे वडीलही.

पहिल्या दिवशी पिझ्झा अल तालयो घ्या. मोठ्या आयताकृती तव्यांमधला पिझ्झा, हवा तेवढा कापून वजनावर विकतात. बोटाने दाखवा, किती ते हाताने सांगा, पाच मिनिटांत हातात. दुकानं मधल्या वेळेतही उघडी असतात, साडेसहा-सातला पोटं भरतील. बसून जेवायची हौस उद्या.

कोणी शाकाहारी असेल तर तीन-चार गोष्टी माहीत असू द्या. मारिनारा नावाचा पिझ्झा ऐकायला समुद्राचा वाटतो, पण त्यात फक्त टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनो असतं, चीजही नाही. उलट भोपळ्याच्या फुलांचा पिझ्झा दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बहुधा छोटे मासे असतात. सुप्ली म्हणजे तळलेले भाताचे गोळे, पारंपरिक कृतीत मांसाचा रस्सा असतो. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या पास्त्यांत डुकराचं मांस. आणि सासूबाई काटेकोर असतील तर हे आधीच सांगा: पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो ही दोन्ही चीज करताना दूध वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने गोठवतात. तेव्हा काचो ए पेपेसारखा मांस नसलेला पास्ताही त्यांना चालेल असं नाही. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा फॉर्माज्जो", म्हणजे मांस नको, मासा नको, चीज नको, एवढं कागदावर लिहून ठेवा. बटाटा-रोझमेरीचा पिझ्झा हा बऱ्याच आजींचा आवडता, चीज नाही ना एवढं विचारून घ्या.

परत येताना किराणा दुकानात थांबून दूध, केळी, बिस्किटं आणि दही घ्या. हे विसरू नका, पहाटे यावरच सगळं आहे. मग जेलातो, म्हणजे तिकडचं आइसक्रीम, आणि सावकाश खोलीकडे. साडेआठ-नऊला दिवे बंद.

विमान दुसऱ्या वेळी आलं तर

सकाळी सात-आठला उतरणाऱ्यांचा दिवस जास्त कठीण असतो, कारण खोली दुपारपर्यंत मिळत नाही. म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल तर आदल्या रात्रीचेही पैसे भरून खोली घ्यावी असंच मी सांगतो. ते परवडत नसेल तर सामान हॉटेलात ठेवून जवळच्या बागेत, व्हिला बोर्गेझेसारख्या ठिकाणी, सावलीत वेळ काढावा. रात्री नऊनंतर उतरणाऱ्यांनी रिसेप्शन उघडं असेल ना एवढं विचारून थेट जाऊन झोपावं.

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरून त्याच दिवशी कोमो सरोवर, किंवा रोमला उतरून थेट फ्लोरेन्स, असे बेत येतात. वेगवान गाडी रोमहून फ्लोरेन्सला दीड तासात नेते हे खरं, पण सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही, परतही होत नाही, आणि विमानाला उशीर झाला की सहा तिकिटं गेली. जायचंच असेल तर बदलता येणारं तिकीट घ्या. भाड्याची गाडी मात्र उतरल्या दिवशी कधीच नको. शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

व्हेनिस मला पहिल्या दिवसासाठी सगळ्यात आवडतं. विमानतळावरून बोटीने शहरात शिरणं हीच पहिली सहल. फक्त हॉटेल बोटीच्या थांब्यापासून किती पूल ओलांडून आहे ते मोजा. बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि बॅग उचलावी लागते.

पहाटे साडेतीन

तेव्हा आपल्याकडे सात वाजलेले असतात आणि मुली जाग्या होतील. घाबरू नका, रागवू नका, पडदे आणि मोबाईल बंद ठेवा. दूध-केळं द्या, गोष्ट सांगा, पुन्हा झोप लागली तर उत्तम. साडेपाचनंतर झोप येतच नसेल तर सगळ्यांनी तयार व्हा आणि सहाला बाहेर पडा. त्रेवीची वेळ हीच. रस्ते धुतलेले असतात, पाण्याचा आवाज गल्लीतूनच ऐकू येऊ लागतो आणि समोर निवांत उभं राहायला जागा मिळते. कॉफीची दुकानं उघडू लागतात. काउंटरपाशी उभं राहून कॉफी स्वस्त पडते, टेबलावर बसल्यावर महाग, तेव्हा सासू-सासरे बसतील आणि तुम्ही उभे राहा.

मग हॉटेलात न्याहारी आणि साडेआठला कलोसियम. रोमचे साडेआठ म्हणजे तुमच्या शरीराचे भर दुपारचे बारा, सगळे पूर्ण जागे, ऊन कोवळं, गर्दी कमी. तिकिटं अधिकृत विक्रीत तीस दिवस आधी खुली होतात, मोठ्यांना १८ युरो, मुलींना फुकट पण त्यांचीही वेळ राखून ठेवावी लागते. तिकिटावर नावं असतात, ती पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि सकाळी पासपोर्ट खोलीत विसरू नका. साडेचारची तिकिटं आधीच काढली असतील तर चार जणांच्या ७२ युरोंवर पाणी सोडा आणि सकाळची नवी घ्या. साडेदहापर्यंत बाहेर पडाल, आणि त्या दुपारची झोप मात्र सगळ्यांनी मनसोक्त, दोन तास घ्या.